फ्युजिबल अ‍ॅप्लिक (गोधडीकाम)

फ्युजिबल अ‍ॅप्लिक म्हणजे कापडातून कापलेला आकार उष्णतेने वितळणाऱ्या गोंदाने दुसऱ्या कापडावर चिकटवणे आणि मग त्याच्या कडेने शिवण घालणे. ‘अ‍ॅप्लिक’ हा फ्रेंच शब्द. अर्थ ‘वर लावलेले’. ओडिशातील पिपिली गावच्या चांदुआ या अ‍ॅप्लिक कामात आकाराच्या कडा आत दुमडून टाके घालतात. फ्युजिबल पद्धतीत दुमड नसते, कापलेली कड उघडी राहते. म्हणून टोकदार पाने, लहान वर्तुळे, अक्षरे असे दुमडायला अवघड आकार नवशिक्यालाही जमतात.

सातारा-सांगलीकडे वाकळ शिवणाऱ्या बायकांना कापडावर कापड लावणे नवे नाही. जुन्या लुगड्या-धोतरांचे थर, वर रंगीत तुकडे आणि सगळ्यांतून जाणारा धावदोरा ही वाकळेची रीत. फरक असा, की वाकळेतला तुकडा टाक्यानेच जागेवर बसतो, तर इथे गोंद तो जागेवर धरतो आणि टाका नंतर येतो. गोंदाचे काम एवढेच आहे. टाका न घालता सोडलेला आकार दोन-चार धुण्यांत कडेने सुटू लागतो, आणि दगडावर आपटून धुतल्यावर तर लवकरच.

साहित्य

गोंदाचा थर कागदावर बसवलेला मिळतो. त्याला फ्युजिबल वेब म्हणतात. सांगलीच्या कापड पेठेत असो वा साताऱ्यात, अस्तर-बटणांच्या दुकानात नुसते ‘फ्युजिंग’ किंवा ‘पेस्टिंग’ मागितले तर कॉलरला लावायचे साहित्य हाती पडते. त्याला एकाच बाजूने गोंद असतो आणि ते या कामाचे नाही. ओळखायची खूण सोपी आहे: कॉलरच्या फ्युजिंगला एका बाजूला कापड आणि दुसरीकडे चमकणारे ठिपके असतात, वेबला एका बाजूला सोलून निघणारा कागद असतो. वेब मिळालेच नाही तर साड्यांच्या फॉलला किंवा पँटच्या दुमडीला वापरतात ती दोन्हीकडून चिकटणारी हेमिंग टेप चालते. तिला कागद नसतो, म्हणून इस्त्री करताना खाली-वर बेकिंगचा कागद ठेवावा.

वेब हलके आणि जाड अशा दोन तऱ्हांचे असते. हीट-एन-बाँड या छापात ‘लाइट’ हे शिवणीसाठी आणि ‘अल्ट्राहोल्ड’ हे न शिवता नुसते चिकटवण्यासाठी. जाड प्रकारातून मशीन चालवली की सुईला गोंद लागतो, टाके सुटतात, दोरा तुटतो. गोधडीला हलकेच घ्यावे.

कापड सुती हवे. खालच्या कापडाला इचलकरंजी-विट्याकडच्या मागांवरचा मांजरपाट उत्तम, पण आधी गरम पाण्यात धुऊन. कोऱ्या कापडाला खळ असते. तिच्यावर गोंद पकडत नाही. शिवाय न धुतलेले कापड नंतर आटते आणि चिकटवलेल्या आकाराभोवती चुण्या पडतात. धुताना कपडे मऊ करणारे द्रव वापरू नये, त्याचा थरही गोंदाला आड येतो. जुन्या साडीचा तुकडा घ्यायचा असेल तर त्याचे दोन दोरे जाळून पाहावेत. सुती दोरा कागदासारखा जळून राख होतो. पॉलिस्टरच्या दोऱ्याची आकसून टणक गोळी होते. अशी साडी गरम इस्त्रीखाली वितळेल.

पहिला नमुना

शिकण्यासाठी 40 सेंमीचा उशीचा अभ्रा पुरे. खालचे कापड 46 सेंमी चौरस कापावे, कारण अस्तर लावून टाके घातल्यावर ते थोडे आत येते. मापात शेवटी कापायचे. आकार म्हणून हळदीची पाच पाने, प्रत्येकी 15 सेंमी लांब, 5 सेंमी रुंद. लांब सरळ कडा आणि एकच टोक असल्याने हा आकार सुरुवातीला चांगला. तासगावच्या द्राक्षांचा घड मोहात पाडतो, पण त्यात पंधरा-वीस वर्तुळे येतात. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी सोपी दिसते, तिची हिरवी चांदणीसारखी टोपी मात्र सोपी नाही. दोन्ही दुसऱ्या-तिसऱ्या नमुन्यासाठी ठेवावीत. 45 सेंमी रुंदीचे वेब असेल तर पाच पानांना 20 सेंमी लांबी पुरते.

पाने वेबच्या कागदावर पेन्सिलने काढावीत, आणि रेषेच्या बाहेर अर्धा सेंमी सोडून ओबडधोबड कापावीत. रेषेवर आत्ताच कापू नये. हिरव्या कापडाच्या उलट बाजूवर गोंद खाली येईल असे ठेवून इस्त्री दाबावी, 2 ते 3 सेकंद. इस्त्री फिरवायची नाही. उचलायची आणि पुढच्या जागी ठेवायची. इथे सर्वात जास्त कामे बिघडतात. जास्त वेळ दाबले तर गोंद पहिल्या कापडातच मुरतो आणि नंतर खालच्या कापडाला धरायला काही उरत नाही. बहुतेक हलक्या वेबना कोरडी इस्त्री लागते, वाफ नाही. काहींना वाफ चालते, म्हणून पाकिटावरचे वाचून घ्यावे. कोळशाच्या इस्त्रीची उष्णता हवी तशी राखता येत नसल्याने ती टाळावी.

कापड पूर्ण गार झाल्यावर रेषेवर कापावे. आता कड वेबसकट कापली जाते, त्यामुळे गोंद अगदी कडेपर्यंत राहतो आणि धागे सुटत नाहीत. कागद कडेकडून सुटत नसेल तर नखाने कुरतडू नये, कड विस्कटते. मधोमध सुईच्या टोकाने कागदावर ओरखडा काढावा, तिथे दुमडून फाडावा आणि आतून बाहेर सोलावा. कागदावर गोंदच राहिला तर इस्त्री कमी तापली होती. पुन्हा दाबून गार होऊ द्यावे.

खालच्या कापडावरून आधी नुसती इस्त्री फिरवून ओल घालवावी. पावसाळ्यात जावळी-महाबळेश्वरकडे हे चुकवू नये. दमट कापडावर गोंद अर्धवटच बसतो. मग पाने मांडावीत, सगळी मांडून झाल्याशिवाय एकही चिकटवू नये, आणि प्रत्येक जागी 6 ते 8 सेकंद दाबावे. इस्त्रीला गोंद लागला तर कागदावर मीठ पसरून गरम इस्त्री त्यावर फिरवली की निघतो.

उलट आकार आणि नावे

कागदावर काढलेला आकार कापडावर आरशातल्यासारखा उलटा उतरतो. पानाला फरक पडत नाही, अक्षरांना पडतो. बाळाचे नाव लिहायचे असेल तर ते कागदावर उलटे काढावे लागते; सरळ लिहून कागद खिडकीच्या काचेवर उलटा धरला की मागून गिरवता येते. देवनागरीचा एक मोठा फायदा असा, की शिरोरेषेमुळे अख्खे नाव एकाच तुकड्यात कापता येते. अक्षरे सरकत नाहीत, ओळ तिरकी होत नाही. 7 सेंमी उंचीच्या अक्षराला रेघ किमान 1 सेंमी जाड ठेवावी. ‘म’, ‘भ’ यांच्या गाठी भरीव काढाव्यात, इतकी लहान भोके कापत बसू नये. अनुस्वार आणि वेलांटी सुटी असेल तर तेवढे वेगळे चिकटवावे.

कडेची शिवण

झिगझॅग मशीनवर रुंदी 2 ते 3 मिमी, टाका 1 ते 1.5 मिमी, सुई एका बाजूला पानात आणि दुसऱ्या बाजूला पानाच्या अगदी लगत खालच्या कापडात पडावी. भरीव कड हवी असेल तर टाका अर्ध्या मिमीच्या आसपास आणावा. मग खाली कोरा कागद ठेवून शिवावे आणि नंतर तो फाडून काढावा, नाहीतर कापड गोळा होते. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. बाहेरच्या गोलाईवर वळताना सुई बाहेरच्या बाजूला रुतवून मशीनचा कापड दाबणारा पाय उचलावा, आतल्या गोलाईवर सुई आकारात रुतवून. उलटे केले तर वळणावर टाक्यांत पाचरीसारख्या फटी पडतात. बारीक सुती कापडाला 11 नंबरची सुई, जाडसर कापडाला 14.

घरोघरची काळी पायमशीन सरळ टीपच घालते. तिच्यावर कडेपासून 2 मिमी आतून सरळ टीप मारावी. कड थोडी पिंजते, पण टीप घट्ट असेल तर टिकते. त्याहून देखणा मार्ग म्हणजे हातानेच काजाचा टाका घालणे. दोन पदरी दोरा, टाक्यांत 3 ते 4 मिमी अंतर, आणि पानाच्या टोकावर एक टाका हमखास.

वाकळेवर वापरताना

हाताने शिवायच्या वाकळेत गोंदाची खरी अडचण कळते. चिकटवलेला भाग कडक होतो आणि सुई जड जाते. आकारावर आकार चढवला तर तिथे गोंदाचे दोन थर येतात आणि बोटे दुखतात. यावर उपाय म्हणजे वेबचा मधला भाग कापून टाकायचा. आकार काढल्यावर, कापडाला लावण्याआधी, रेषेच्या आत 6 मिमी सोडून बाकीचे वेब कात्रीने काढावे. उरते ती नुसती कडेची पट्टी. कड धरली जाते, मधले कापड मऊ राहते आणि धावदोरा सहज जातो. चार सेंमीपेक्षा मोठ्या प्रत्येक आकाराला हे करावे. काढलेल्या मधल्या तुकड्यातून लहान पाने निघतात, वेबही वाया जात नाही.

फिक्या कापडाचा आकार गडद कापडावर लावला की खालचा रंग डोकावतो. तेव्हा वेबच्या आधी आकाराला मागून पांढरे पातळ कापड किंवा कॉलरचे हलके फ्युजिंग लावतात. दुकानातून चुकून आलेले फ्युजिंग इथे उपयोगी पडते.

उरलेले वेब घडी घालून ठेवू नये. घडीवर गोंद कागदापासून सुटतो. पुठ्ठ्याच्या नळीवर सैल गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत, पत्र्याच्या छपराखालच्या उन्हाळी उकाड्यापासून दूर ठेवावे. जुन्या वेबचा गोंद कागदावरून पापुद्र्यासारखा निघत असेल तर बेकिंगच्या दोन कागदांमध्ये ठेवून हलकी इस्त्री केल्यावर बहुधा पुन्हा कागदाला धरतो.