खुलासा: रोमनेस्क दरवाजांचा दगड मुळात उघडा नव्हता

युरोपातल्या बाराव्या शतकातल्या, म्हणजे रोमनेस्क शैलीतल्या चर्चचे कोरीव दरवाजे मुळातच उघड्या दगडाचे, साधे, विरक्त होते, असं अजूनही लिहिलं जातं. ते चूक आहे. त्यांतले बरेच दरवाजे रंगवलेले होते.

सर्वांत ठोस पुरावा स्पेनमधल्या सान्तियागो दे कोम्पोस्तेलाचा. तिथल्या कॅथेड्रलच्या 'पोर्तिको दे ला ग्लोरिया' या कोरीव प्रवेशमंडपाच्या तुळईवर शिल्पी मातेओचं नाव आणि 1188 हे साल कोरलंय. 2018 मध्ये संपलेल्या जीर्णोद्धारात रंगाचे तीन मुख्य टप्पे सापडले: मूळचा, सोळाव्या शतकातला आणि सतराव्या शतकातला. मूळ कामात ग्रॅनाइटवर शिसेयुक्त सफेदा, तेलात कालवलेले रंग, सोन्याचा वर्ख आणि चक्क अफगाणिस्तानातल्या लाजवर्द या रत्नदगडाचा निळा! अठराव्या शतकात या मंडपासमोर नवा दर्शनी भाग उभा राहिला, त्याच्या आडोशाने हे टिकलं.

उघड्यावरच्या दरवाजांचं तसं झालं नाही. पाऊस लागला किंवा वरचं छत गळलं की पाणी दगडात मुरतं. सुकताना क्षार पृष्ठभागाशी स्फटिक होऊन फुगतात आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. उरलेला रंग कित्येक ठिकाणी 'स्वच्छते'च्या हौसेने खरवडला गेला. पावसापेक्षा हा अपराध मोठा.

उरलेला रंग शोधायचा तर मूर्तींचे नाक-गुडघ्यांसारखे उंचवटे सोडा. वस्त्रांच्या खोल चुण्या, केसांच्या खाचा, कमानीची खालची बाजू इथे बॅटरीचा उजेड तिरपा पाडून पाहा. बोट लावू नका. शिवाय प्रत्येक लाल डाग रंग नसतो. लोहयुक्त दगड स्वतःही तांबूस पडतो. फ्रान्समध्ये कोंक गावातल्या चर्चच्या दरवाजावर निळ्या-तांबड्याचे अंश नुसत्या डोळ्यांनी दिसतात.