तणनाशक तेच, मग तण का मरत नाही?

लव्हाळ्याचे पान मेणचट असते. साध्या पाण्याचा थेंब त्यावर मोत्यासारखा बसतो आणि जरा धक्का लागला की घरंगळतो. त्याच पाण्यात नॉन-आयॉनिक स्प्रेडर (थेंब पसरवणारे, विद्युतभार नसलेले द्रव्य) घातले, की पृष्ठताण निम्म्याच्या आसपास येतो आणि थेंब पानावर पसरतो. लिटरला अडीच मिलि, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला साधारण ३७ मिलि पुरते. जास्त घातले तर फेस येतो, द्रावण पानावरून ओघळते. काही तणनाशकांत ते आधीच मिसळलेले असते, लेबल वाचावे.

खरी गडबड बहुतेक वेळा पाण्यात असते. क्षारयुक्त पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ग्लायफोसेट या तणनाशकाला धरून ठेवतात, आणि तसे बांधले गेलेले औषध पानात नीट शिरत नाही. २,४-डी या दुसऱ्या तणनाशकाच्या अमाइन क्षाराचा तर अशा पाण्यात चक्क साका होतो व नोझल तुंबते. ग्लायफोसेटसाठी उपाय अमोनियम सल्फेटचा: १५ लिटरला १५० ते ३०० ग्रॅम. ते बादलीत पूर्ण विरघळवून, फडक्याने गाळून पंपात आधी ओतावे. मग तणनाशक, शेवटी स्प्रेडर. गढूळ पाणी मात्र कशानेच सुधारत नाही. ग्लायफोसेट मातीच्या कणांना असे चिकटते, की पंपातच निकामी होते. धुळीने माखलेल्या पानावरही तेच घडते.

आता हवामान. थेंब ओला असेपर्यंतच औषध नीट आत जाते. कोरड्या, तापलेल्या दुपारी तो काही मिनिटांत सुकतो आणि औषधाचे स्फटिक पानावर पडून राहतात. पण दव टपकत असताना फवारणेही चूक, द्रावण खाली गळते. दव नुकतेच ओसरलेली, हलक्या वाऱ्याची सकाळ उत्तम.

पाण्याचा ताण बसलेले तण सगळ्यात चिवट. त्याच्या पानावरचा मेणाचा थर जाड होतो, साखरेचा प्रवाह मंदावतो. ग्लायफोसेट या प्रवाहासोबतच मुळांपर्यंत आणि गाठींपर्यंत जाते. प्रवाह थंडावला की वरचे पान पिवळे पडते, खालची गाठ जिवंत राहते. अशा वेळी मात्रा वाढवणे म्हणजे पैसे मातीत. पाणी मिळून नवी पालवी फुटेपर्यंत थांबावे.

फवारणीनंतर पाऊस आला, तर दुसऱ्याच दिवशी पुन्हा पंप उचलू नये. ग्लायफोसेटची लक्षणे स्पष्ट दिसायला सात ते चौदा दिवस लागतात. त्याआधी किती धुतले गेले, याचा अंदाज बांधता येत नाही.