फिजिशियन आणि फॅमिली डॉक्टर रुग्णाजवळ कसे शिकत आले

अमेरिकेत डॉ. केर व्हाइट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९६१ साली एक साधा हिशेब मांडला. १००० प्रौढ माणसे घेतली, तर महिन्याभरात त्यांपैकी सुमारे ७५० जणांना काही ना काही दुखणे होते. २५० जण डॉक्टरकडे जातात. ९ जण रुग्णालयात दाखल होतात आणि विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयात पोचतो तो एकच. वैद्यकीय शिक्षण मात्र त्या एकाच्या खाटेभोवती चालत होते. बाकीच्यांचा खोकला, चक्कर, थकवा, वाढता रक्तदाब, अंगावर काढलेला मधुमेह कसा हाताळायचा, हे डॉक्टरने पदवी हाती आल्यावर एकट्याने शिकायचे, अशीच जणू व्यवस्था होती. ती कशी तयार झाली, हे पाहायचे तर काही शतके मागे जावे लागते.

विद्यार्थ्याला रुग्णापाशी नेऊन शिकवावे, ही कल्पना जुनीच. मध्ययुगात बगदाद आणि दमास्कसच्या रुग्णालयांत तशी पद्धत होती. युरोपातल्या विद्यापीठांत त्या काळी वैद्यक म्हणजे मुख्यतः ग्रंथ वाचणे आणि त्यांवर वाद घालणे. सोळाव्या शतकाच्या मध्यावर इटलीतल्या पादुआत जोव्हान्नी बातिस्ता दा मोंते यांनी विद्यार्थ्यांना रुग्णालयात नेऊन शिकवले, पण त्यांच्यानंतर ते टिकले नाही. ते नीट रुजले नेदरलँड्समधल्या लायडेनमध्ये. तिथे १६३६ पासून एका धर्मादाय रुग्णालयातल्या १२ खाटा शिकवण्यासाठी राखल्या होत्या, ६ पुरुषांच्या आणि ६ स्त्रियांच्या. १७१४ पासून हेर्मान बूरहावे तिथे शिकवू लागले आणि त्या १२ खाटांची कीर्ती युरोपभर पसरली. रुग्णाला प्रश्न विचारायचे, तपासायचे, निदानाचा तर्क सर्वांसमोर मांडायचा आणि रुग्ण दगावला तर शवविच्छेदनात तो तर्क पडताळायचा, असा त्यांचा क्रम होता. त्यांचेच विद्यार्थी पुढे एडिंबरा आणि व्हिएन्नाला गेले आणि हीच रीत तिथे घेऊन गेले.

व्हिएन्नातच १७६१ साली लेओपोल्ड आउएनब्रुगर यांनी छातीवर बोटांनी ठोकून आतल्या पोकळीचा आणि साचलेल्या पाण्याचा अंदाज घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १८०८ साली पॅरिसमध्ये कोर्व्हिसार यांनी तिचे फ्रेंच भाषांतर केले, तेव्हा कुठे ती हातोहाती पसरली. मधल्या ४७ वर्षांत पद्धत तीच होती. ती शिकवायला लागणारे वॉर्ड आणि शिकायला तयार असलेले विद्यार्थी नव्हते. ते क्रांतीनंतरच्या पॅरिसने पुरवले. १७९४ च्या कायद्याने तिथे नव्या वैद्यकीय शाळा निघाल्या आणि त्या योजनेचे शिल्पकार फूर्क्रुआ यांनी सूत्र दिले: थोडे वाचा, पुष्कळ पाहा, पुष्कळ करा. मोठमोठ्या रुग्णालयांत शेकडो रुग्ण एकत्र आल्यामुळे एकाच आजाराच्या अनेक तऱ्हा शेजारी शेजारी दिसू लागल्या. लेनेक यांनी १८१६ मध्ये स्टेथोस्कोप वापरायला सुरुवात केली तीही याच वातावरणात. आज फिजिशियन (शस्त्रक्रिया न करता औषधोपचार करणारा तज्ज्ञ) जी तपासणी हातासरशी करतो, तिचा बराचसा भाग त्या काही दशकांत घडला.

या वैभवाला एक काळी बाजू होती आणि ती सांगायलाच हवी. त्या खाटांवरची माणसे गरीब होती. पैसेवाल्याला डॉक्टर घरी येऊन तपासत असे. रुग्णालयात येई तो ज्याला दुसरा थारा नाही तो. शिकणाऱ्यांच्या घोळक्याने त्याला पुन्हा पुन्हा ठोकून, दाबून, ऐकून पाहायचे आणि त्याने ते सोसायचे. रुग्णाची परवानगी आणि त्याचा मान हे विषय अभ्यासक्रमात यायला विसावे शतक बरेच सरावे लागले.

अमेरिकेत या परंपरेला शिस्त दिली विल्यम ऑस्लर यांनी. बाल्टिमोरमधले जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ मध्ये आणि त्याचे वैद्यकीय महाविद्यालय १८९३ मध्ये सुरू झाले. तिथे शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला वॉर्डातले रुग्ण वाटून दिले जात. हिस्टरी (आजाराची सगळी हकीकत) घेणे, तपासणे, नोंदी ठेवणे आणि राउंडच्या वेळी वरिष्ठांपुढे केस मांडणे ही त्याची कामे असत. तो प्रेक्षक राहिला नाही, कामाला लागला. आपण विद्यार्थ्यांना वॉर्डांत शिकवले, एवढेच आपल्या थडग्यावर लिहिले तरी पुरे, असे ऑस्लर म्हणत. त्यांचे हे वाक्य सगळीकडे सांगितले जाते. शेवटच्या वर्षाच्या आधीच्या वर्षी ते विद्यार्थ्यांना बाह्यरुग्ण विभागात (ओपीडीत) शिकवत, चालत आलेल्या रुग्णांवर, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. त्यांच्या वारसदारांनी वॉर्ड उचलला आणि ओपीडी सोडून दिली. माझ्या मते फॅमिली डॉक्टरच्या शिक्षणाचे पुढचे बरेचसे नुकसान या निवडीत आहे.

१९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या १५५ वैद्यकीय शाळा पाहून अहवाल दिला. प्रयोगशाळा नसलेल्या, रुग्ण न दाखवताच पदवी देणाऱ्या अनेक संस्था त्यानंतर बंद पडल्या, आणि ते योग्यच झाले. पण कृष्णवर्णीयांसाठीच्या ७ शाळांपैकी ५ या लाटेत गेल्या, त्याची झळ कित्येक पिढ्यांना बसली. शिक्षण विद्यापीठाच्या रुग्णालयात आणि पूर्णवेळ प्राध्यापकांच्या हाती एकवटले. गावोगावी रुग्ण पाहणारा डॉक्टर शिक्षकाच्या जागेवरून हटला. १९३६ मध्ये अमेरिकेत अंतर्गत वैद्यकाचे, म्हणजे फिजिशियनच्या विषयाचे, स्वतंत्र प्रमाणन मंडळ आले. फिजिशियनला आता परीक्षा होती, ठरलेली रेसिडेन्सी (पदवीनंतरचे रुग्णालयातले प्रशिक्षण) होती, मान होता. जनरल प्रॅक्टिस म्हणजे यातले काहीच न केलेल्याचे काम, असा समज घट्ट होत गेला.

ब्रिटनमध्ये १९५० साली जोसेफ कॉलिंग्ज यांनी जनरल प्रॅक्टिसची पाहणी प्रसिद्ध केली. अनेक दवाखान्यांची अवस्था वाचवत नाही इतकी वाईट होती. त्या धक्क्यातून काही डॉक्टर एकत्र आले आणि १९५२ मध्ये त्यांनी आपले कॉलेज, म्हणजे जनरल प्रॅक्टिशनरांची व्यावसायिक संस्था, स्थापन केले. लंडनमध्ये मायकेल बालिंट हे मनोविश्लेषक त्याच सुमारास जनरल प्रॅक्टिशनरांच्या छोट्या गटांसोबत बसू लागले. कोणीतरी एक आपला अवघड रुग्ण मांडायचा: वारंवार येणारा, कशानेच बरे न वाटणारा. गटाने औषधाबद्दल बोलण्याआधी डॉक्टर आणि रुग्ण यांच्यात काय चालले आहे ते पाहायचे. फॅमिली डॉक्टरचे स्वतःचे म्हणता येईल असे हे पहिले क्लिनिकल शिक्षण. त्याला खाट लागत नव्हती, ओळखीचा रुग्ण लागत होता. अमेरिकेत फॅमिली प्रॅक्टिसचे मंडळ १९६९ मध्ये स्थापन झाले आणि ठराविक वर्षांनी पुन्हा परीक्षा द्यायची अट पहिल्यापासून घालणारे ते तिथले पहिलेच मंडळ ठरले.

याच सुमारास शिकवण्याची साधने बदलू लागली. हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये एका धडधाकट व्यक्तीला रुग्णाची भूमिका शिकवून विद्यार्थ्यांपुढे बसवले. १९६८ मध्ये मायामीत हृदयाचे आवाज ऐकवणारा ‘हार्वे’ हा पुतळा आला. त्याच वर्षी लॉरेन्स वीड यांनी रुग्णाची नोंद त्याच्या समस्यांनुसार लिहिण्याची पद्धत मांडली. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी ठराविक वेळेच्या अनेक थांब्यांवर घ्यायची क्लिनिकल परीक्षा प्रसिद्ध केली. परीक्षकाची मर्जी आणि हाती आलेला रुग्ण यांवर निकाल ठरण्याचा जुना अन्याय तिने पुष्कळ कमी केला.

१९७५ चाच आणखी एक अभ्यास आहे आणि तो मला या सगळ्या इतिहासात फार महत्त्वाचा वाटतो. जे. आर. हॅम्प्टन आणि सहकाऱ्यांनी ओपीडीत नव्याने आलेले ८० रुग्ण घेतले. रेफरलचे (रुग्णाला पाठवणाऱ्या डॉक्टरचे) पत्र वाचून आणि हिस्टरी घेऊन केलेले निदान ६६ जणांच्या बाबतीत अखेरपर्यंत टिकले. शारीरिक तपासणीने मत बदलले ते ७ जणांत आणि प्रयोगशाळेच्या तपासण्यांनी आणखी ७ जणांत. म्हणजे ओपीडीत निदानाचे बहुतेक काम ऐकण्याने होते. आता याच्या शेजारी १९८४ चा बेकमन आणि फ्रँकेल यांचा अभ्यास ठेवा. प्राथमिक सेवा देणाऱ्या फिजिशियनकडच्या ७४ भेटी त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या. रुग्णाने बोलायला सुरुवात केल्यापासून डॉक्टरने त्याला मध्येच तोडेपर्यंत सरासरी १८ सेकंद जात. ज्या कौशल्यावर सर्वाधिक निदाने उभी, त्याचे शिक्षण इतके तोकडे होते, कारण ते करताना शिकाऊ डॉक्टरला कोणी पाहतच नव्हते. वॉर्डात तो केस मांडतो ती हिस्टरी घेऊन झाल्यावर. घेताना तो काय ऐकतो आणि काय गाळतो, ते वरिष्ठाला दिसत नाही.

अंतर्गत वैद्यकाच्या अमेरिकन मंडळाने रुग्णाजवळची तोंडी परीक्षा १९७२ मध्ये बंद केली होती. ती पोकळी भरायला जॉन नॉर्सिनी आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ‘मिनी-सीईएक्स’ मांडले. शिक्षकाने १५-२० मिनिटे प्रत्यक्ष भेट शेजारी बसून पाहायची आणि तिथल्या तिथे सांगायचे की काय जमले, काय राहिले. तसे वर्षात अनेकदा, वेगवेगळ्या रुग्णांवर, वेगवेगळ्या शिक्षकांनी करायचे. साधी गोष्ट, पण शेजारी बसून पाहणे तिने पुन्हा शिक्षकाच्या कामात आणले.

गजबजलेल्या ओपीडीत शिकवायला वेळ कुठून आणायचा, याचे उत्तर १९९२ मध्ये फॅमिली मेडिसिनच्या शिक्षकांकडून आले. शिकाऊ डॉक्टर रुग्ण पाहून बाहेर आला की त्याला आधी विचारायचे, तुला काय वाटते? मग, कशावरून? मग या रुग्णापुरता नव्हे तर पुढेही उपयोगी पडेल असा एकच मुद्दा शिकवायचा. काय बरोबर केलेस ते नेमके सांगायचे आणि काय चुकले तेही. काही मिनिटांत हे होते. आजही नव्या शिक्षकाला एकच तंत्र द्यायचे असेल, तर मी हेच देईन. पहिल्या प्रश्नालाच शिकणाऱ्याला स्वतःचे मत मांडावे लागते, आणि तिथून त्याचा विचार उघडा पडतो.

दवाखान्यात शिकले तर विद्यार्थी कच्चा राहील, ही शंका जुनी होती. ऑस्ट्रेलियात फ्लिंडर्स विद्यापीठाने १९९७ पासून काही विद्यार्थ्यांना मोठ्या रुग्णालयाऐवजी ग्रामीण जनरल प्रॅक्टिसमध्ये वर्षभर ठेवले. २००४ मध्ये पॉल वर्ली आणि सहकाऱ्यांनी निकाल प्रसिद्ध केले: परीक्षेत हे विद्यार्थी मागे पडले नाहीत, उलट पुढे होते.

पदवीनंतरचे शिक्षण सर्वांत उशिरा सुधारले. नुसती व्याख्याने आणि परिषदा यांनी डॉक्टरच्या रोजच्या वागण्यात फारसा फरक पडत नाही, हे १९९० च्या दशकात डेव्ह डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी अनेक चाचण्या एकत्र तपासून दाखवले. २००३ मध्ये न्यू मेक्सिकोत संजीव अरोरा यांनी वेगळी वाट धरली. हेपटायटिस सीचे रुग्ण त्यांच्या विद्यापीठाच्या क्लिनिकमध्ये महिनोन्‌महिने थांबत. त्यांनी दूरदूरच्या प्राथमिक डॉक्टरांना व्हिडिओवर दर आठवड्याला जोडले. प्रत्येकाने आपला रुग्ण मांडायचा, तज्ज्ञांनी आणि इतरांनी चर्चा करायची, उपचार मात्र त्याच डॉक्टरने, त्याच गावात करायचे. २०११ मध्ये आलेल्या आकड्यांनुसार बरे होण्याचे प्रमाण विद्यापीठात ५७.५ टक्के होते आणि या डॉक्टरांकडे ५८.२ टक्के. पुढे हीच पद्धत मधुमेह, व्यसनमुक्ती, क्षयरोग अशा इतर आजारांसाठीही वापरली जाऊ लागली.