पॉन्टून की ट्रायटून: तिसरं नळकांडं नेमकं करतं काय?

एप्रिल सरता सरता अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या तळ्यांवरचं बर्फ वितळतं आणि आमच्या ट्विन सिटीजमधल्या (मिनिॲपोलिस-सेंट पॉल) मराठी घरांत बोटीचा विषय निघतो. कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये पंचवीस माणसं जमलेली असतात, हातात पावभाजीच्या कागदी डिशा असतात आणि एखादा नवा उत्साही विचारतो, "पॉन्टून घेऊ की ट्रायटून?" उत्तर ठरलेलं. "मुलं लहान आहेत ना तुझी? मग ट्रायटूनच घे. खाली तीन ट्यूब असल्या की कलंडायची भीती नाही." सगळे माना डोलावतात. आठ उन्हाळे मी हे ऐकतेय. सल्ला देणाऱ्यांपैकी निम्म्यांनी बोटीखाली कधी वाकून पाहिलेलं नसतं.

पॉन्टून कशी असते ते सांगत बसत नाही. एकदा तरी तासाच्या भाड्याने घेतली असेलच तुम्ही: सपाट डेक, चहूबाजूंनी कठडा, दिवाणखान्यातल्यासारखे सोफे, वर कापडी छत आणि खाली ॲल्युमिनियमच्या दोन लांबलचक बंद ट्यूब. ट्रायटूनमध्ये त्या तीन. आता इथे पहिला घोळ शब्दाचाच. बोटीखाली असते ती ट्यूब, आणि मुलांना दोरीला बांधून मागे ओढतात ती हवेची, तीही ट्यूब. "ट्यूब फाटली" असा फोन आला की काळजाचा ठोका चुकतो आणि मग कळतं, चाळीस डॉलरचं रबर गेलंय. म्हणून खालच्याला मी सरळ नळकांडं म्हणते.

दोन होड्या शेजारी शेजारी बांधून केलेल्या तरत्या बैठकीला आपल्याकडे सांगड म्हणत. पॉन्टून ही सांगडच. १९५२ साली मिनेसोटातल्याच रिचमंड गावच्या ॲम्ब्रोझ वीअर्स नावाच्या शेतकऱ्याने लोखंडी पिंपं एकापुढे एक जोडून दोन ओळी केल्या, वर लाकडी फळ्या ठोकल्या आणि ते धूड हॉर्सशू तळ्यात सोडलं. कल्पना एवढीच होती की तळ्यावर ओसरीसारखं निवांत बसता यावं. दोन नळकांड्यांची बोट आजही मुळात तीच ओसरी आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

वरच्या मजल्यावर दोघींत फरक जवळजवळ नाही. सोफे तेच, छत तेच, स्पीकर तेच, कप ठेवायची भोकं तीच. विक्रेता अर्धा तास ज्या गोष्टी दाखवतो, त्यांचा या निवडीशी काही संबंध नाही. आणि डेकखाली निळे दिवे लावून रात्री लग्नाच्या मांडवासारखी बोट फिरवणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. त्या झगमगाटात पुढचा लाल-हिरवा दिवा समोरच्याला दिसत नाही.

तर मुद्दा कलंडण्याचा. शेतावरच्या बाजेला मधोमध पाचवा पाय ठोका. बाज जास्त वजन पेलेल, मध्ये झोळ कमी पडेल. पण चौघं जण एका कडेला बसले तर तिला उलटण्यापासून तो मधला पाय वाचवेल? ते काम कडेच्या पायांचं, आणि ते एकमेकांपासून किती लांब आहेत त्यावर सगळं अवलंबून. बोटीचंही तसंच. इथे रस्त्यावरून वेगळा परवाना न काढता साडेआठ फुटांपर्यंतच रुंद बोट ओढून नेता येते, म्हणून नेहमीच्या बहुतेक पॉन्टून आणि ट्रायटून दोन्ही तेवढ्याच रुंद. कडेची नळकांडी दोघींत सारख्याच अंतरावर. मधलं नळकांडं कडेच्यांवरचा भार थोडा हलका करतं, तेवढंच. उभ्या बोटीवर सगळे एका कठड्याशी येऊन "बदक बघ, बदक बघ" करायला लागले, तर दोन्ही बोटी झुकायच्या तेवढ्या झुकतात. आणि दोन्हीपैकी कुठलीही सहजासहजी उलटत नाही. तुमच्या भीतीला दोन नळकांडी पुरेशी आहेत.

बुडण्याचंही गणित करून बघा, पोरांच्या भूमितीच्या वहीतलंच आहे. २५ इंच व्यासाचं, २० फूट लांब नळकांडं म्हणजे साधारण ६८ घनफूट. गोड्या पाण्याचं वजन घनफुटाला ६२.४ पौंड. म्हणजे एक नळकांडं पूर्ण बुडेपर्यंत सुमारे ४,२०० पौंड उचलतं, दोन मिळून साडेआठ हजार. बोट, इंजिन, पेट्रोल धरून पंचवीसशे-अठ्ठावीसशे पौंड, त्यात दहा माणसं, बर्फाची पेटी आणि कुणीतरी हट्टाने आणलेली शेगडी. हे सगळं साडेचार हजारांच्या आसपास जातं. म्हणजे भरल्या बोटीचीही नळकांडी निम्मीच पाण्यात. तरंगण्यासाठी तिसऱ्याची गरजच पडत नाही.

मग ते असतं कशासाठी? धावण्यासाठी. आणि खरी गल्लत होते ती इथेच: तरंगणं वेगळं आणि पाण्यावरून धावणं वेगळं.

लहानपणी विहिरीवर किंवा तळ्यावर पाण्यात भाकऱ्या काढल्या असतील. चपटी खापरी नीट फेकली की टप्पे घेत जाते, गोल गोटा पहिल्याच ठिकाणी गडप. बोटीचं वागणं याच दोन प्रकारचं. हळू जाताना ती पाणी बाजूला सारत, नांगरासारखी चर पाडत जाते. वेग वाढला की तळाखालचं पाणी तिला वर उचलतं, बोट पाण्याच्या पाठीवर चढते आणि मग घर्षण एकदम कमी होतं. बोटवाले याला प्लेनिंग म्हणतात. आता नळकांडं आहे गोल. गोट्यासारखंच, त्याला पाण्यावर चढायचं नसतं. साध्या दोन नळकांड्यांच्या बोटीला जास्त पेट्रोल पाजलं तर ती आणखी मोठा चर पाडते, आणखी आवाज करते, आणि वेग फारसा वाढत नाही.

यावर उपाय म्हणून नळकांड्याच्या कुशीला लांबलचक तिरप्या पट्ट्या वेल्ड करतात, त्यांना लिफ्टिंग स्ट्रेक म्हणतात. गोलाला चपटेपणा देतात त्या. गोट्याची खापरी करणारी वस्तू ही पट्टी आहे. तिसरं नळकांडं तिच्या जोडीला येतं: उचलायला आणखी पृष्ठभाग मिळतो आणि मोठ्या इंजिनाचं वजन मागे पेललं जातं. म्हणजे तिसरं नळकांडं, पट्ट्या आणि दांडगं इंजिन हे त्रिकूट आहे. त्यातल्या पट्ट्या किंवा इंजिन वगळलं की तिसऱ्या नळकांड्याचे पैसे पाण्यात, आणि तेही शब्दशः.

माझा राग आहे तो इथे. "ट्रायटून" अशी पाटी लावून विनापट्ट्यांची तीन नळकांडी आणि मागे ९० अश्वशक्तीचं इंजिन, अशी बोट विकायला ठेवतात आणि आपली माणसं सुरक्षित म्हणून घेतात. ती जड झालेली पॉन्टून आहे. भार जास्त घेईल, हे खरं. पण धावणार नाही, आणि धावायचं नसेल तर तिसऱ्याचे पैसे कशाला मोजायचे?

हा तरंगण्या-धावण्याचा भेद कायद्यालाही कळतो. १ एप्रिल २०२१ पासून अमेरिकेत फेडरल अखत्यारीतल्या पाण्यावर २६ फुटांपेक्षा लहान बोटींवर, तशी सोय असेल तर, चालवणाऱ्याने इंजिन बंद करणारी दोरी अंगाला अडकवायची असते. कधी? बोट प्लेनवर असताना किंवा नुसतं पाणी सारत जाण्याच्या वेगापेक्षा जोरात असताना. धक्क्यापाशी रांगताना सक्ती नाही. ती लाल गुंडाळीची दोरी शोभेला लटकवून ठेवू नका.

फरक अंगावर अनुभवायचा असेल तर दोन्ही बोटी एकाच दिवशी चालवा आणि वळण घ्या. साधी पॉन्टून वळताना सपाट राहते किंवा किंचित बाहेर झुकते, एसटीसारखी, आणि सोफ्यावरची मंडळी बाहेरच्या कठड्याकडे सरकतात. मधलं नळकांडं थोडं खाली बसवलेली किंवा मोठ्या व्यासाची ट्रायटून सायकलसारखी आत झुकते, माणसं जागच्या जागी राहतात. स्थिरता स्थिरता म्हणून लोक ज्याचं कौतुक करतात ती बहुतेक वेळा हीच, वळणावरची. उभ्या बोटीची नव्हे.

आता माझीच फजिती सांगते, कारण तिसऱ्या नळकांड्याचा एक खरा फायदा त्यात दडलाय. तिसऱ्या उन्हाळ्यात मिल लॅक्सवर भाड्याची पॉन्टून घेतली होती. हे तळं दोनशे चौरस मैलांहून मोठं, वारा सुटला की समुद्रासारखं उसळतं. दहा जण होतो. पुढे लून पक्ष्याची जोडी दिसली, पाठीवर पिल्लू, आणि सगळे पुढच्या फाटकापाशी धावले. दीर ओरडले, "वहिनी, थांबवा, थांबवा!" आणि मी घाबरून थ्रॉटल, म्हणजे वेगाचा दांडा, एकदम मागे ओढला. बोटीचं उचललेलं नाक खाली आपटलं, समोरून लाट आली आणि घोटाभर पाणी डेकवरून आत. साबुदाणावड्यांचा डबा तरंगत माझ्या पायापर्यंत आला, चपला मागच्या शिडीपर्यंत गेल्या. कुणाला काही झालं नाही, पण सासूबाई त्यानंतर दोन वर्षं काठावरूनच हात हलवत होत्या.

घरी येऊन सगळ्यांचं एकमत: ट्रायटून असती तर असं झालं नसतं. इथे त्यांचं थोडं बरोबर होतं. मधलं नळकांडं डाव्या-उजव्या झुकण्याला फारसं रोखत नाही, पण पुढे-मागे डुबण्याला रोखतं, कारण नाकाखाली तरंगणारा पृष्ठभाग दीडपट होतो. पण खरा दोष दोन माणसांच्या जागी नऊ माणसं पुढे असण्याचा आणि माझ्या हाताचा. लाट ओलांडताना वेग आधीच कमी करायचा, नाक वर ठेवायचं, लाटेला तिरपं जायचं, थ्रॉटल अचानक तोडायचा नाही. आणि बोट चालू असताना पुढचं फाटक बंद. फाटकापुढच्या फळीवर पाय सोडून बसलेली मुलं दिसली की माझ्या पोटात गोळा येतो. तिथून पडलेलं मूल थेट बोटीखाली आणि इंजिनाच्या पंख्याकडे जातं. नळकांडी दोन असोत वा पाच.

मग घ्यायची कुठली? तुमचं तळं छोटं-मध्यम, सहा-आठ माणसं, संध्याकाळची चक्कर आणि लहान मुलांना ट्यूबवर ओढणं, एवढंच असेल तर २२ फुटी दोन नळकांड्यांची घ्या. नळकांडी २३ नव्हे, २५ इंची. पट्ट्या असलेली, डेकखाली पत्रा मारलेली आणि ११५ अश्वशक्तीची. पत्रा नसला की उडणारं पाणी डेकखालच्या आडव्या तुळयांवर आपटून बोट अडवतं. लहानग्यांना ताशी बारा-पंधरा मैलांच्या वर ओढायचं कारणच नाही, आणि ही बोट त्याच्या बरीच पुढे जाते. ट्रायटून घ्या ती तीन कारणांसाठी: तळं मोठं आणि वाऱ्याचं, माणसं नेहमीच दहाच्या वर, किंवा घरात कॉलेजची पोरं आहेत ज्यांना स्कीवर उभं राहायचंय. आणि घेतलीत तर दीडशेच्या खालचं इंजिन लावू नका. तीनशेचंही नको. लेक मिनेटोंकावर दिवसाची वेगमर्यादा ताशी ४० मैल आणि रात्रीची २०, तिथे पन्नासने पळणारी बोट दाखवायची कुणाला?

बोट बघायला गेलात की सोफ्यावर बसण्याआधी गुडघे टेका आणि मागून खाली बघा. मधलं नळकांडं पूर्ण लांबीचं आहे की अर्ध्यात संपतंय, कडेच्यांपेक्षा खाली आहे की समपातळीत, पट्ट्या तिन्हींना आहेत की नुसत्या मधल्याला. विक्रेत्याला हे आवडत नाही. मग क्षमतेची पाटी वाचा. "१२ माणसं" या आकड्याला भुलू नका, त्याखालचं पौंडातलं वजन वाचा आणि आपल्या मंडळींचं खरं वजन धरा, लायसन्सवरचं नव्हे.

आणि एक गोष्ट कुणीच सांगत नाही: ही बोट ओढणार कोण? आपल्या निम्म्या घरांत सिएना नाहीतर ओडिसी मिनिव्हॅन, त्यांची ओढायची ताकद साधारण ३,५०० पौंड. दोन नळकांड्यांची बोट ट्रेलरसकट त्या काठावर येते, ट्रायटून तो ओलांडून पुढे जाते. म्हणजे बोटीबरोबर गाडीही आली, आणि दोन आसांचा ट्रेलरही. धक्क्यावर बोट उचलून ठेवायचा लिफ्ट आधीच असेल तर त्याचे आडवे ओंडके दोन नळकांड्यांच्या मापाने लावलेले असतात, मधल्याला ते कामाचे नाहीत, वेगळा सांगाडा बसवावा लागतो. आमच्या शेजाऱ्यांनी हौसेने ट्रायटून आणली आणि पहिले तीन आठवडे ती धक्क्याला दोरीने बांधून ठेवली. रोज संध्याकाळी नवरा-बायको तिच्यात बसून चहा पीत. धक्क्यालाच.