हेडलाइटची धुरकट काच उजळणे

वाहनाच्या हेडलाइटवरील पिवळट, धुरकट थर काढून त्यावर नवे संरक्षक आवरण चढवण्याची घरगुती दुरुस्ती. ‘काच’ म्हणण्याची सवय असली तरी आजच्या बहुतेक गाड्यांत ती पॉलिकार्बोनेट प्लास्टिकची असते. कारखान्यातच तिच्यावर पातळ, कडक लेप दिलेला असतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी हा लेप पिवळा पडतो, पापुद्रे सुटतात आणि मग उघडे पडलेले प्लास्टिकच खराब होऊ लागते. जुन्या अँबॅसिडर, प्रीमियर पद्मिनीसारख्या गाड्यांत खरी काच असल्याने तिथे हा प्रश्नच येत नाही. नखाने वाजवून पाहिले की फरक कळतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात हे काम पावसाळा संपल्यावर काढावे. हवेत दमटपणा असताना मारलेला क्लिअर कोट, म्हणजे शेवटी द्यायचा पारदर्शक संरक्षक लेप, दुधाळ होतो. शिवाय दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू होतो; मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली अंधारात वेळीच दिसली पाहिजे. चोर्ला घाटातल्या धुक्यात तर धूसर काच उजेड पुढे टाकण्याऐवजी भोवतीच पसरवते.

आधी शाम्पूच्या पाण्याने लाल माती पूर्ण धुवावी, कारण तिचा एक कण घासायच्या पेपरखाली आला की खोल ओरखडा पडतो. बाजूच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन थर लावावेत. ६०० नंबरचा वॉटर पेपर (पाण्यात भिजवून वापरायचा पॉलिश पेपर; नंबर जितका मोठा तितका बारीक) दहा मिनिटे भिजवून, सतत पाणी सोडत घासावे. पापुद्रे जाड असतील तर ४०० पासून सुरुवात करावी. सुरुवातीला पिवळट गाळ निघतो. तो पांढरा होईपर्यंत थांबू नये. जुन्या लेपाचा ठिपका राहिला तर नवा कोट नेमका तिथूनच सुटतो. पुढे ८०० आणि १०००. प्रत्येक वेळी दिशा बदलावी, एकदा आडवी, एकदा उभी, म्हणजे मागच्या पेपरचे ओरखडे गेले की नाही ते दिसते. या टप्प्यावर काच एकसारखी पांढुरकी दिसते. घाबरण्याचे कारण नाही.

आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, सावलीत, हार्डनर (कडक करणारे रसायन) असलेल्या टू-के, म्हणजे दोन घटकांच्या, क्लिअर कोटचे दोन-तीन पातळ हात २०–२५ सेंमीवरून द्यावेत. दोन हातांमध्ये दहा मिनिटे थांबावे. जाड हात ओघळतो. या स्प्रेत आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असते, म्हणून मोकळी जागा आणि वाफा अडवणारा फिल्टर मास्क हवाच. साधा कापडी मास्क चालत नाही. पुढचे किमान २४ तास गाडी धुऊ नये.

स्प्रे नको असेल तर १५००, २०००, ३००० पर्यंत घासून रबिंग कंपाउंड आणि वर अतिनील किरण रोखणारा सीलंट लावतात. तो काही महिन्यांनी पुन्हा लावावा लागतो. टूथपेस्टने चकाकी येते, पण उन्हापासून बचाव शून्य, त्यामुळे पिवळेपणा लवकर परततो. थिनर किंवा पेट्रोलने पुसू नये. पॉलिकार्बोनेटवर जाळीसारखे बारीक तडे जातात आणि ते घासून निघत नाहीत.

टेललाइट बहुधा ॲक्रिलिकचे असतात. ते पिवळे पडण्यापेक्षा ओरखडून निस्तेज होतात. १५०० पासून हलक्या हाताने सुरू करणे पुरते. लाल रंग प्लास्टिकमध्येच मिसळलेला असल्याने तो विटला असेल तर घासून परत येत नाही.

बोट फिरवून बाहेरून गुळगुळीत लागणारी धूसरता आतली असते. खानापूरकडच्या पावसात सील सुटून किंवा हवेची नळी तुंबून पाणी साचते. तिथे पेपर उपयोगाचा नाही. दिवा उतरवून सुकवावा, नळी मोकळी करावी, सील बदलावे. आतला रिफ्लेक्टर काळवंडला असेल तर काच कितीही स्वच्छ केली तरी उजेड वाढत नाही, अशा वेळी पूर्ण दिवाच बदलावा.