फ्रीओरायनचे नियम सी प्लस प्लसबाहेर कसे गेले

फ्रीओरायन हा अंतराळात साम्राज्य उभारण्याचा मुक्त-स्रोत संगणक खेळ, सी प्लस प्लस या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला. पण त्यात ग्रहाचे उत्पादन वाढवणारा एखादा नियम बदलायचा तर कम्पायलर (कोडपासून चालता प्रोग्राम बनवणारे साधन) लागत नाही, साधा टेक्स्ट एडिटर पुरतो. तंत्रज्ञान, इमारती, प्रजाती, जहाजांचे सुटे भाग हे सगळे मजकूर-फाइलींमध्ये लिहिलेले असते आणि खेळ सुरू होताना वाचले जाते. आज यात कुणाला नवल वाटत नाही. पण हे नियम कोणत्या भाषेत लिहायचे, यावर जेवढी डोकेफोड झाली तेवढी दुसऱ्या कशावर क्वचितच झाली असेल.

मागचा इतिहास थोडक्यात. फ्रीओरायनला प्रेरणा देणारा 'मास्टर ऑफ ओरायन' हा खेळ १९९३ चा, त्याचा दुसरा भाग १९९६ चा. २००३ मध्ये आलेल्या तिसऱ्या भागाने बहुतेक चाहत्यांचा हिरमोड केला. फ्रीओरायनची जुळवाजुळव त्याच सुमारास सुरू झाली होती. आपण मूळ खेळाची नक्कल करत नसून त्या परंपरेतला वेगळा खेळ करतो आहोत, अशी भूमिका प्रकल्पाने घेतली. कोड जीपीएल या मुक्त परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली गेला, चित्रे आणि आवाज क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली. पुढे २०१३ मध्ये मूळ नावाचे हक्क दिवाळखोरीतल्या विक्रीत दुसऱ्याकडे गेले आणि २०१६ मध्ये त्या नावाचा नवा खेळही आला.

त्याच काळातला 'थाउजंड पारसेक' हा अशाच खेळांसाठीचा मुक्त-स्रोत प्रकल्प नेमका उलट वाटेने गेला. तिथे आधी चौकट आणि प्रोटोकॉल (प्रोग्रामनी एकमेकांशी बोलायचे नियम) ठरला, मग एकाच चौकटीवर वेगवेगळे खेळ बसवायचे होते. कागदावर ही कल्पना जास्त देखणी होती. पण रोज रात्री बसून खेळावा असा एक भरीव खेळ तिच्यातून उभा राहिला नाही आणि प्रकल्प थंडावला. फ्रीओरायनने आधी खेळ केला. इंजिन म्हणण्यासारखे जे काही झाले ते खेळाची गरज भागवता भागवता झाले.

फ्रीओरायनची रचना मात्र सुरुवातीपासून क्लायंट-सर्व्हरची: खेळ सांभाळणारा सर्व्हर एक, त्याला जोडलेले खेळाडू वेगळे. संगणकाकडून खेळणारा प्रत्येक प्रतिस्पर्धी वेगळा प्रोसेस (स्वतंत्र चालणारा प्रोग्राम) म्हणून चालतो आणि त्याच्या साम्राज्याला जेवढे दिसते तेवढीच माहिती सर्व्हर त्याला देतो. त्यामुळे त्याला चोरून नकाशा बघता येत नाही. किंमत मेमरीत मोजावी लागते: डझनभर प्रतिस्पर्धी घेतले की विश्वाच्या डझनभर प्रती. या प्रतिस्पर्ध्यांचा मेंदू पायथन या सोप्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिला आहे, आणि वादाचे मूळ इथेच आहे. पायथन घरात असताना नियमांसाठी एफओसीएस ही स्वतःची भाषा कशाला काढली?

या भाषेत 'कृती' लिहायच्या नसतात, 'परिणाम' जाहीर करायचे असतात. उद्योगवाढीच्या एखाद्या तंत्रज्ञानाची नोंद पाहा. पहिला भाग कक्षेचा: या साम्राज्याच्या मालकीचे आणि उद्योगावर भर ठेवलेले ग्रह. दुसरा भाग अट: नियम केव्हा लागू व्हायचा. तिसरा भाग परिणाम: त्या ग्रहांच्या उद्योगाचे लक्ष्य अमुक इतक्याने वाढवा. प्रत्यक्ष आकडा लगेच उडी मारत नाही, तो दर फेरीला एकेकाने लक्ष्याकडे सरकतो. शिवाय नियम जाहीर केलेला असल्याने कोणत्या तंत्रज्ञानाने किती भर घातली याचा हिशोब प्रोग्रामला ठेवता येतो. आकड्यावर माउस नेला की तो सगळा ताळेबंद समोर येतो. मनमानी पायथन कोड चालवून हे फुकटात मिळाले नसते.

वेगाचाही मुद्दा होता. मोठ्या आकाशगंगेत हजारो वस्तू, शेकडो परिणाम, आणि प्रत्येक फेरीला सगळ्यांची तपासणी. फाइल एकदा वाचून नियमांची सी प्लस प्लसमधली झाडे (फांद्यांसारखी रचना) बनवली की ती अनेक थ्रेडवर, म्हणजे एकाच वेळी समांतर, तपासता येतात. पायथनचे एका वेळी एकच थ्रेड चालू देणारे कुलूप हे होऊ देत नव्हते.

एवढे खरे असूनही त्रास कमी नव्हता. ही भाषा जगात दुसरीकडे कुठेच चालत नाही, म्हणजे प्रत्येक नव्या माणसाला शून्यापासून शिकणे आले. पुनरावृत्ती टाळायला मजकुराची अदलाबदल करणारे मॅक्रो आले, मग मॅक्रोच्या पोटात मॅक्रो, आणि चूक नेमकी कुठे आहे हे शोधणे जिकिरीचे झाले. फाइली वाचणारा पार्सर बूस्ट या सी प्लस प्लस संग्रहातल्या स्पिरिट लायब्ररीवर (तयार कोडवर) बांधलेला. तो कम्पाइल करायला इतकी मेमरी लागे की जुन्या लॅपटॉपवर माणूस चहा करून, पिऊन, भांडी घासून आला तरी मशीन तिथेच अडकलेले. हौशी माणसांच्या प्रकल्पात ही साधी गैरसोय नसते. यानेच लोक दारातून परत जातात.

अलीकडे तडजोड निघाली: लिहायचे पायथनच्या वाक्यरचनेत, पण पायथन चालणार फक्त फाइल वाचताना. तो जुनीच सी प्लस प्लसची झाडे बांधून देतो आणि बाजूला होतो. फेरीच्या वेळी त्याचा संबंध नाही. हिशोब राहिला, वेग राहिला, मॅक्रोच्या जागी साधी फंक्शन आली. हा मार्ग दहा वर्षे आधी धरता आला असता असे माझे मत आहे. पण तेव्हा शेकडो फाइली नव्याने लिहायला हात कुणाचे होते, हाही प्रश्न आहेच.

लढाईची कथा छोटी आहे. ओग्रे हे ग्राफिक्स इंजिन वापरून त्रिमितीय डावपेचांची लढाई करायची होती, काही काम झालेही, पण ते तडीस गेले नाही. पुढे ओग्रे काढून एसडीएल ही साधी लायब्ररी आणली. आता लढाई मोजक्या चकमकींत आपोआप उरकते: गोळ्याच्या माऱ्यातून ढालीचा आकडा वजा, उरेल ते नुकसान. नंतर लढाऊ विमाने आली, ती पहिल्या चकमकीत सुटतात आणि दुसऱ्या चकमकीपासून मारा करतात. म्हणजे विमानवाहू जहाज पहिल्या चकमकीत जवळजवळ निःशस्त्र. चित्रपटासारखी लढाई गेली, पण जहाज बांधताना डोके चालवायला जागा राहिली.

२०२३ च्या ०.५ आवृत्तीत धोरणे आणि 'प्रभाव' हे नवे साधन आले. एकेका धोरणाचा मजकूर नियमांच्या फाइलींत बसला. पण प्रभावासाठी नवे मीटर (उद्योगासारखा, फेरीगणिक बदलणारा आकडा) हवे होते आणि मीटरची यादी सी प्लस प्लसमध्ये पक्की बांधलेली आहे. हाच पाया घेऊन कुणाला आपल्या खेळात धर्म किंवा प्रदूषण असे स्वतःचे मीटर आणायचे असेल, तर टेक्स्ट एडिटर तिथे पुरत नाही. त्याला कम्पायलर लावूनच बसावे लागेल.