वेदना, सूज आणि ताप : तीन चाचण्या एकत्र कशा आल्या?

पारंपरिक औषधी वनस्पतीवरचा शोधनिबंध उघडला की बऱ्याचदा ठरलेला क्रम दिसतो. पानांचा किंवा सालीचा अर्क काढायचा, तो उंदरांना द्यायचा आणि वेदना कमी होते का, सूज उतरते का, ताप उतरतो का हे पाहायचे. या तिन्हींची सांगड अ‍ॅस्पिरिन या एका औषधाच्या इतिहासातून बसली आहे. तो इतिहास ठाऊक नसेल, तर निष्कर्ष आहेत त्यापेक्षा मोठे वाटतात.

एडवर्ड स्टोन या इंग्लिश धर्मगुरूने १७६३ मध्ये रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेला पत्र पाठवले. त्याने विलो या झाडाची साल पिशवीत भरून भट्टीच्या बाहेरच्या बाजूला तीन महिन्यांहून अधिक काळ वाळवली, कुटून पूड केली आणि ठरावीक अंतराने थंडी वाजून येणाऱ्या तापाच्या सुमारे ५० रुग्णांना दिली. आधी अगदी थोडी मात्रा, मग हळूहळू वाढवत. बहुतेकांना गुण आला, असे त्याने लिहिले. तुलनेसाठी औषधाविना ठेवलेला गट नव्हता, तरी मात्रा बदलून परिणाम पाहण्याची शिस्त त्या पत्रात आहे आणि मला ती फार मोलाची वाटते.

पुढे सूत्रे रसायनशास्त्राच्या हाती गेली. म्युनिकमध्ये बुखनर यांनी १८२८ मध्ये सालीतून सॅलिसिन हे द्रव्य वेगळे केले. १८३८ मध्ये पिरिया यांनी त्यापासून सॅलिसिलिक आम्ल मिळवले. १८७६ मध्ये डॉ. मॅक्लागन यांनी तीव्र संधिवातात सॅलिसिन दिल्यावर ताप आणि सांध्यांचे दुखणे दोन्ही उतरल्याचे ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. १८९९ मध्ये सॅलिसिलिक आम्लापासून बनवलेले अ‍ॅस्पिरिन बाजारात आले.

आजच्या चाचण्या यानंतरच्या आहेत. १९४४ मध्ये वर्णन केलेली तापलेल्या पृष्ठभागाची चाचणी आजही वापरतात : सुमारे ५५ अंश सेल्सिअसच्या पट्टीवर उंदीर ठेवायचा आणि तो पंजा चाटायला किंवा उडी मारायला किती सेकंद घेतो ते मोजायचे. मॉर्फिनचा प्रभाव यात ठळक दिसतो, अ‍ॅस्पिरिनचा फारसा नाही. म्हणून १९५० च्या दशकात पोटात सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल टोचून उंदीर किती वेळा अंग ताणतो हे मोजण्याची पद्धत पुढे आली. सुजेसाठी १९६२ मध्ये विंटर आणि सहकाऱ्यांनी लाल सागरी शेवाळातले कॅराजीनन निवडले. त्याचे १ टक्क्याचे द्रावण पंजात टोचले की काही तासांत पंजा फुगतो. तो द्रवात बुडवून किती द्रव सरकला यावरून सूज मोजतात. ताप आणण्यासाठी यीस्टचे मिश्रण कातडीखाली टोचतात.

हे सगळे एकाच धाग्यात ओवले गेले १९७१ मध्ये. जॉन वेन यांनी दाखवले की अ‍ॅस्पिरिन शरीरातल्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रेणूंची निर्मिती रोखते. हेच रेणू वेदनेची जाणीव तीव्र करतात, सूज वाढवतात आणि मेंदूतले तापमानाचे नियंत्रण वर चढवतात. वेन यांना १९८२ मध्ये दोन स्वीडिश शास्त्रज्ञांबरोबर नोबेल मिळाले. तेव्हापासून वनस्पती तिन्ही चाचण्यांत उतरली, की तिच्यात अ‍ॅस्पिरिनसारखे काही आहे असा अंदाज बांधला जातो.

इथे जपून राहायला हवे. झोप आणणाऱ्या किंवा स्नायू सैल करणाऱ्या अर्कानेही उंदीर अंग कमी ताणतो. वेदना मात्र तशीच असू शकते. म्हणूनच चांगल्या अभ्यासात हालचालींची वेगळी चाचणी असते, विषाक्तता आधी तपासलेली असते आणि इंडोमेथॅसिनसारख्या माहितीतल्या औषधाशी तुलना असते. मात्राही बघावी. किलोला ४०० मिलिग्रॅम ही उंदराची मात्रा तशीच माणसाला लावता येत नाही. शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने लहान उंदरासाठी (माउस) ती सुमारे १२ ने भागावी लागते. तरीही ६० किलोच्या माणसाला जवळपास २ ग्रॅम सुका अर्क लागतो.

उलट बाजूही आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या कंबरदुखीच्या चाचणीत २१० रुग्ण होते. रोज २४० मिलिग्रॅम सॅलिसिन मिळेल इतका विलोचा अर्क घेणाऱ्यांपैकी ३९ टक्के चौथ्या आठवड्यात वेदनामुक्त होते, निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत ६ टक्के. एवढ्या सॅलिसिनपासून रक्तात येणारे सॅलिसिलेट (सॅलिसिलिक आम्लाचे रूप) अ‍ॅस्पिरिनच्या वेदनाशामक मात्रेपेक्षा बरेच कमी भरते. सालीतले पॉलिफेनॉलसारखे इतर घटकही काम करत असावेत, आणि ते एकट्या प्रोस्टाग्लँडिनच्या मापाने पकडता येत नाहीत.